लिंपलेली ढोली

बाळंतपणाला मी माहेरी, कुंभार पिंपळगावला आल्ते. सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं न्हाई, हा आईचा हुकूम. भर उन्हाळ्यात बाजेखाली शेगडी, कानाला रुमाल, मोबाईलसुद्धा बंद. जीव नुसता कासावीस.

खिडकीसमोरच्या लिंबाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी उबवायला ढोलीचं तोंड आतून लिंपून स्वतःला कोंडून बसली होती. फटीतून चोच तेवढी दिसायची, नर वडाची फळं आणून भरवायचा. मला बघवेना. एका दुपारी आईचा डोळा लागल्यावर बाहेर गेले आणि बांबूनं लिंपण फोडलं. "जा बाई, तू तरी मोकळी हो!"

ती हललीसुद्धा न्हाई. दुसऱ्या दिवशी बघते तर ढोली आतून पुन्हा लिंपलेली. असा राग आला तिचा! तेवढ्यात बाळ रडलं. त्याला वारं लागेल म्हणून खिडकी लावून घेतली, मीच.