भुरीच्या पाटीवरचा नंबर

फोन आला तेव्हा मशीनवर भुरीच होती. बारामतीत माझा छापखाना आहे आणि दिवाळीनंतर आम्ही नव्या वर्षाची कॅलेंडरं छापतो. फोनवर इंदापूरच्या स्टँडवरचा चहावाला होता. "सूर्यकांतराव, भानू पेंटर पडला वो. भिगवणजवळ भिंत रंगवत हुता, शिडी सरकली… दवाखान्यात न्हेईपर्यंत राह्यला न्हाय." मी त्याला म्हणालो, "थांब, मशीनचा आवाज आहे, नीट ऐकू येत नाही." मशीन बंद केलं आणि त्या बिचाऱ्याकडून तीच बातमी दुसऱ्यांदा वदवून घेतली. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं होतं. रिसीव्हर ठेवला तर समोर ताज्या शाईची भुरी एक डोळा अर्धा मिटून माझ्याकडं बघत होती. भानूनं काढलेली भुरी. त्या कागदावर कुठंही भानूचं काही नव्हतं, आणि ते मीच काढून टाकलेलं होतं.

भुरी म्हणजे भानूची जीप. लष्करातनं लिलावात निघालेली, चार हात फिरून त्याच्याकडं आलेली. शिडी, डबे, ब्रश मागं टाकून तो पिंपळीपासून लोणी भापकरपर्यंत भिंती आणि गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवत हिंडायचा. त्याच्या घरात एके काळी मेंढरं होती. पुढं थोडी शेती झाली, मेंढरं गेली, पण वडलांच्या आवडत्या मेंढीचं नाव यानं जीपला दिलं. "आबा दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखायचा," तो म्हणायचा. "मला गाड्यांची तोंडं दिसत्यात. त्यात काय इशेष?" विशेष हे होतं की ती तोंडं त्याला काढता यायची. भुरीचा डावा दिवा मिणमिणता, म्हणून चित्रात तिचा डावा डोळा कायम पेंगुळलेला. ऊसगाड्यांच्या मागं अडकली की नाक मुरडणारी भुरी. स्टँडवर एसटीचा धक्का लागला म्हणून मान वळवून भांडणारी भुरी. भिगवणला तळलेल्या मासळीचा वास आला की रस्ता सोडून हॉटेलकडं वळलेली भुरी, आणि स्टिअरिंगला लोंबकळत "अगं, आज शनिवार हाय!" म्हणून ओरडणारा भानू.

कागद माझा असायचा. म्हणजे माझ्या चुकांचा. एकदा मी लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी त्याच्या मामाचं नाव छापलं होतं. तीनशे पत्रिका. नवरीकडची माणसं छापखान्यात आली तेव्हा मी कागदाच्या रिमांमागं बसून होतो आणि भानू त्यांना अतिशय गंभीरपणे सांगत होता, "मालक दवाखान्यात हायती. आपल्याच चुकीचा धक्का बसला त्यास्नी." मग त्या तीनशे पाठकोऱ्या पत्रिका जीपमध्ये टाकत मला म्हणाला, "सुऱ्या, तू असाच चुकत जा रं. माझा कागूद सुटतो."

चित्राखाली तो सही करत नसे. भुरीच्या पाटीवर मात्र तिचा खरा नंबर, तांदळाएवढ्या अक्षरांत, एकही आकडा न गाळता. मी विचारलं तर म्हणाला, "मेंढराच्या कानाला खाच आसती बग, न्हायतर पाठीवर गेरूचा ठिपका. घरागणिक खूण येगळी. कळप मिसळले तरी कुणाचं मेंढरू कुणाचं ते कळतं. दुसऱ्याच्या मेंढराची खूण बदलली तर त्या माणसाला पंगतीला बसू देत न्हवते आमच्यात. ही माझी खूण. सही काय, कुणीबी मारतंय." मी मान डोलावली. मला वाटलं होतं, मला समजलं.

चार वर्षांपूर्वी एका स्पेअरपार्टवाल्या शेठना कॅलेंडर हवं होतं. देवदेवता नकोत, नट्या नकोत, "गाडीचं कायतरी" हवं. मी भानूकडं सहा चित्रं मागितली. त्यानं दिली, आणि एकच अट घातली, "नंबर तेवढा ऱ्हाऊ दे." शेठनी चित्रं पाहिली, खूश झाले, आणि पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो नंबर कुणाचा? हितं आपल्या दुकानाचा फोन टाका की!" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "वा, कल्पना छान आहे!" हा माझा जन्माचा रोग. समोरचा खुर्चीत ऐसपैस बसलेला असला की माझं तोंड त्याच्या बाजूनं बोलतं. संध्याकाळी छपाईच्या फिल्मवरचे सहाही नंबर मी स्वतः ब्लेडनं खरवडले आणि तिथं फोन नंबर चिकटवले. वर असंही वाटलं, की भानू हसेल.

भानू हसला नाही. कॅलेंडर उभं धरून त्यानं सहाही पानं उलटली.

"सुऱ्या, ही भुरी कुणाची?"

"तुझीच की. सगळ्यांना माहीत आहे."

"कुणाला म्हाईत हाय? तुला आन मला. मंग भितीला कशाला टांगायची?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी बदलू. तो म्हणाला, "चहा सांग." बस्स. भांडला असता तर मी पाया पडलो असतो. पण तो पूर्वीसारखाच येत राहिला, चहा पीत राहिला, फक्त पुन्हा माझ्यासमोर त्यानं भुरी काढली नाही. मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं सरकवायचो, तो त्यावर कप ठेवायचा. आणि पुढच्या वर्षी मी काय केलं? शेठची ऑर्डर आली, तीच फिल्म काढली, तेच फोन नंबर. त्याच्या पुढची दोन वर्षंही तेच. यंदाही तेच. माणूस चूक एकदा करतो. मी तिची आवृत्ती काढत होतो.

इंदापुरात शोकसभा झाली. शेठ पहिल्या रांगेत. बोलायला उठले, "भानू आमच्या पाट्या रंगवायचा. साधा, कष्टाळू मजूर माणूस." एक मास्तर हळहळले, की अशा गुणी पेंटरला कुणी वाव दिला नाही, नाहीतर त्या कॅलेंडरवरच्या जीपसारखी चित्रं त्यानंही काढली असती, ती म्हणे पुण्याचा कुणी मोठा कलाकार काढतो. पुण्याचा! शेठ मान डोलावत होते. त्यांना सगळं माहीत होतं. आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या मलाही सगळं माहीत होतं, आणि मी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली आणि खाली बसलो. त्या सभेतल्या प्रत्येकाचा मला संताप आला. सगळ्यात जास्त कुणाचा आला ते लिहायला नको.

दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानात गेलो. म्हणालो, यंदा पाटीवर भुरीचा नंबर जाईल आणि खाली भानूचं नाव. ते हसले. "सूर्यकांतराव, मेलेल्या माणसाला नंबर कशाला?" मी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. तो मागच्या फळीला लागला आणि नटबोल्टांचे सात खोके फरशीवर सांडले. पुढची पंधरा मिनिटं मी गुडघ्यावर बसून बोल्ट वेचत होतो आणि वेचता वेचताच ओरडत होतो, "चित्रं भानूची आहेत! जीप भानूची आहे! तुम्ही चोर आहात, आणि मीही!" गिऱ्हाईकं जमली. शेठनी ऑर्डर रद्द केली. मी छापलेला ढीग रद्दीत घातला आणि नव्या फिल्मवर भुरीचा नंबर घालून, खाली भानूचं नाव टाकून कॅलेंडर छापलं.

पहिली प्रत घेऊन इंदापूरला भानूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, शालनवहिनींनी, ती हातात घेतली, सहाही पानं पाहिली. मला रडू यायला लागलं.

"भावजी, रडायला आमी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी ह्ये आदी छापायचं हुतं. चार वर्सं बगत हुते ह्ये तुमची वाट."

"तो काही बोलला नाही, वहिनी. चित्रं काढायचीसुद्धा सोडली त्यानं…"

"कुणी सांगितलं सोडली म्हणून?"

त्यांनी मला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि भुरीचं बॉनेट उचलून काठीवर टेकवलं. बॉनेटची आतली बाजू चित्रांनी भरली होती. ऑईलपेंट इंजिनच्या धगीनं कुठं तडकलेला, कुठं काजळलेला, पण चार वर्षांची सगळी भुरी तिथं होती. उजनीच्या पाण्यात स्वतःचं तोंड बघणारी, पंक्चर झालेलं चाक पोटाशी धरून बसलेली… आणि प्रत्येकीच्या पाटीवर नंबर. जिथं कुणाचं ब्लेड पोचणार नाही अशी जागा त्यानं शोधली होती. कोपऱ्यात एक गोलमटोल गाडी होती, दिव्यांवर माझा चष्मा, तोंड शेठसमोर उघडतं तसं उघडलेलं. तिची पाटी पांढरी, कोरी.

"मी इचारलं हुतं, हिचा नंबर काय म्हणून," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, त्याचा त्यो लिवील." आत जाऊन त्या भानूचा बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी घेऊन आल्या.

तीन रविवार झाले, मी इंदापूरला जातो. बॉनेट उचलतो, ब्रश हातात घेतो आणि डोकं तडकतं. समोर बसून चार वर्षं माझा चहा प्यायलास भानू, एकदा कप फेकून मारता येत नव्हता? माझ्यासाठी ही पाटी कोरी ठेवण्यापेक्षा ते किती सोपं होतं… मग बॉनेट खाली ठेवून परत येतो. वहिनी ब्रश मात्र आता आत नेत नाहीत. धुऊन, पुसून मडगार्डवरच ठेवतात.