बिनसुरांचं अकॉर्डियन

माझे वडील कोल्हापुरातल्या एका मिशनच्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता, आणि सुट्टीच्या दिवशी तो पुसायचं काम वडिलांकडं असायचं. मी त्यांच्याबरोबर जायचे आणि पुसता पुसता पट्ट्या दाबायचे. प्रार्थनेला पियानो वाजवणाऱ्या बाईंनी एकदा ते ऐकलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्या वडिलांना म्हणाल्या, "हिला शाळा सुटल्यावर थांबू दे." दहावी होईपर्यंत मी थांबत राहिले.

लग्न होऊन गडमुडशिंगीला आले, ते कार्यक्रम करणाऱ्या घरात. मोठे दीर गाणारे, आमचे हे ढोलकीवर. लोकगीतं असायची, भीमगीतं असायची. एप्रिल लागला की जयंतीच्या कार्यक्रमांना गावोगाव फिरायचं. घरात सासऱ्यांच्या वेळचं एक अकॉर्डियन होतं. ते वाजवणारा नात्यातला पाहुणा नोकरी लागून पुण्याला गेला होता. दिरांना घरातले सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. दादांनी ते अकॉर्डियन माझ्यासमोर आणून ठेवलं.

"पियानो येतोय म्हणं तुला. उजव्या हाताला त्याच पट्ट्या हायत की."

उजव्या हाताचं खरं होतं. डावा हात बटणांवर चाचपडत शिकला. आणि एक गोष्ट पियानोत कधीच मिळाली नव्हती ती इथं मिळाली. पियानोचा सूर दाबला की विझत जातो. अकॉर्डियनचा भाता ओढत राहिलं तर सूर धरून ठेवता येतो, फुगवता येतो. धृपदाला लोक टाळ्या धरायचे तेव्हा मी तो सूर ताणून ठेवायचे, आणि दादा माझ्याकडं न बघता श्वास घ्यायचे. मी मध्येच सोडणार नाही याची त्यांना खात्री असायची. ती वर्षं चांगली गेली. माझा फोटो पोस्टरवर मधोमध येऊ लागला. अकॉर्डियन गळ्यात घातलेली बाई आमच्या भागात दुसरी नव्हती. लोक बुकिंगला फोन करताना विचारायचे, "ती पेटीवाली बाई येणार न्हवं?"

मग ट्रॅक आले. आधी काही गाण्यांपुरते, नंतर सगळ्याच. सांगलीकडच्या एका स्टुडिओत गाण्यांचं संगीत भरून घेतलं, त्यात अकॉर्डियनही होतं, पण ते कीबोर्डवरून काढलेलं. दादा लॅपटॉप शेजारी ठेवून गायला लागले. ढोलकीचा माईक चालू राहिला, कारण ट्रॅकमधल्या ढोलकीवर बायका नाचत नाहीत असं दादांचं म्हणणं. माझा माईक बंद झाला. "दोन-दोन अकॉर्डियन झाली की गोंधळ होतोय," दादा म्हणाले. "तू हाय तशी उभी ऱ्हा. लोकं तुलाच बघायला येत्यात."

मी उभी राहिले. पट्ट्यांवर बोटं फिरवायची, भाता ओढायचा, हसायचं. माझ्या बोटांखालून निघालेला आवाज स्पीकरच्या भिंतीत कुठं जायचा ते मलाही कळायचं नाही.

त्याच सुमारास पाठ धरली. अकॉर्डियन काही हलकं नसतं, आणि आमचं तर जुन्या घडणीचं. सकाळी चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागायची. डॉक्टरांनी वजन उचलणं बंद करायला सांगितलं. योगायोगानं तेव्हाच पियानोच्या बाईंचा निरोप आला. त्या आता थकल्या होत्या. शाळेला प्रार्थनेसाठी आणि मुलांच्या गाण्यांसाठी कुणीतरी हवं होतं. मी जाऊन आले. हॉल तोच होता, पियानोला नवं पॉलिश होतं. पाठ टेकून नव्हे, पण निदान बसून वाजवता येत होतं, आणि ते कुठं उचलून न्यायचं नव्हतं. मी वाजवलं तेव्हा हॉल झाडणारी बाई झाडू धरून थांबली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जूनपासून या. पण रोज सकाळी हवं, खाडे चालणार नाहीत."

घरी आल्यावर मी जेवताना विषय काढला. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जा की. कोण नको म्हणतंय? पर जयंतीचं कार्यक्रम संपू देत."

"जूनपासूनच आहे दादा. पण नंतर कार्यक्रमाला गावोगाव फिरणं जमणार नाही मला, रोज सकाळी शाळेत हवं."

"मग श्रावणात बौद्धविहारात कार्यक्रम असत्यात, त्यांचं काय? गणपतीचं? पोस्टरवर तुझा फोटो हाय. मी लोकास्नी काय सांगू, बाई शाळंत गेली म्हणून?"

मी यांच्याकडं बघितलं. हे भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "घरातलं काम हाय. सोडून जाणार कुठं?" ते रागानं बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की जाण्यासारखी दुसरी जागाच नाही. जाऊबाईंनी माझ्या ताटात आमटी वाढली आणि विषय संपला. जूनमध्ये शाळेनं दुसरं कुणी घेतलं.

पाठीचं दुखणं मात्र दादांनी मनावर घेतलं. एक दिवस ते अकॉर्डियन घेऊन गंगावेशीतल्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडं गेले आणि संध्याकाळी परत आणलं. मी उचललं तर ते एकदम वर आलं, रिकामी घागर भरलेली समजून उचलावी तसं.

"आतलं सूर, त्या वाजणाऱ्या धातूच्या पात्या, समद्या काढून टाकल्या," दादा म्हणाले. खूश दिसत होते. "निम्मं वजन त्येंचंच हुतं बघ. आता पाठीला तरास न्हाई."

मी एक पट्टी दाबून भाता ओढला. नुसता वारा आला.

त्यांनी ते मायेनं केलं होतं. सगळा हंगाम मी ते बिनसुरांचं खोकं गळ्यात घालून उभी राहिले. पाठ खरंच कमी दुखत होती. पट्ट्या दाबल्या की हवा भसकन निघून जायची आणि भाता मिटायचा, म्हणून पट्ट्यांवर बोटं नुसती टेकवायला शिकले. फोटो काढणारे म्हणायचे, ताई, इकडं बघा. मी बघायचे.

कबनूरला एका समाजमंदिरापुढं कार्यक्रम झाला. आवराआवर चालली होती तेव्हा माझ्याएवढीच एक बाई स्टेजजवळ आली. मागावर काम करणारी होती, पदराला सुताचे तंतू चिकटलेले.

"ताई, माझ्या वडलांकडं हुतं असलं. एकदा हात लावू?"

मी अकॉर्डियन तिच्यापुढं धरलं. तिनं पट्टीवर बोट ठेवलं आणि मला भाता ओढायची खूण केली. मी ओढला. हवा सुटल्याचा आवाज आला. तिनं दुसरी पट्टी दाबली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बिघाडलंय काय?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग आत्ता कोण वाजवत हुतं?"

दादा मागून म्हणाले, "बाई, ते लाईनीवर चालतंय. लाईन काढली की बंद." तिनं मान हलवली. पटलं नव्हतं ते दिसत होतं. "असू दे," म्हणाली, आणि माझ्या दंडावर हात ठेवून गेली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं गंगावेशीत गेले. मिस्त्रीनं सूर फडक्यात बांधून माळ्यावर ठेवले होते. त्यानं गाठोडं काढलं, पण सोडेना.

"दादांना इचारलंय का?"

"गळ्यात माझ्या असतंय," मी म्हणाले.

काही सूर गंजले होते. ते घासून, जुळवून बसवायला त्याला वेळ लागला. मी तेवढे दिवस पुन्हा पुन्हा जाऊन त्याच्या दुकानात बसत होते. अकॉर्डियन घरी आणलं तेव्हा दादांनी ते हातानं तोलून बघितलं आणि सगळं समजले.

"पाठ गेली तर मला सांगायचं न्हाई."

"नाही सांगणार."

"आणि माईक मिळणार न्हाई."

"नको."

आता मी पोटाला पट्टा आवळून उभी राहते आणि ट्रॅकच्या खाली खरंखुरं वाजवते. ते मला ऐकू येत नाही, पण छातीला थरथर लागते. पाठ पुन्हा दुखायला लागली आहे. परवा कार्यक्रमाहून परतताना हे गाडीत माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला तू ट्रॅकच्या म्होरं गेलतीस."

"ट्रॅक संथ हाय," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. पुढच्या जयंतीच्या तारखा भरत आल्या आहेत आणि पोस्टर छापायला गेलं आहे. फोटो जुनाच आहे. त्यासाठी मला कुणी विचारलं नाही.