पखवाजाची कनिक

रांगेत साऱ्या पोरी बसल्या व्हत्या, माझीच नव्हती. मी दोनदा बघितलं आन वरडलेच, "मास्तर, माझी पोरगी कुठं गेली?"

कडेवरचं धाकटं लेकरू दचकून रडाया लागलं. नाटक कंपनीचे वाजवनारे, सारंगीवाला, पायपेटीवाला, सगळे थांबले. मास्तर म्हनले, "बाई, हळू. हितंच असंल."

हितंच म्हंजे कुठं? मला आदीपासूनच खटकत व्हतं. पोरींला गान्याची गोडी लागावी म्हनून मास्तर त्यांला आमच्या गावच्या शाळंतून गाडीनं हिंगोलीला घेऊन आले, कंपनीची तालीम दाखवाया. काहून? गावात गानं व्हत न्हाई का? दिवस कसे, निजामाच्या राज्यात गडबड, परका मानूस दिसला की आमी लेकरं आत वढायचो. कंपनीवाले काईतरी खाऊ घालून भूल पाडतेत, पोरी नेतेत, असं बाया इहिरीवर बोलायच्या. म्हनून तर मी सोबत आले व्हते.

मी पडद्यामागं धावले, मास्तर आन सारंगीवाला माझ्या मागं. पांढऱ्या मिशीचा एक म्हातारा पखवाज पुढ्यात घेऊन मांडी घालून बसलेला. माझी सात वर्साची पोर त्याच्या गुडघ्याला लागून, हातात ओल्या कनकीचा गोळा, आन तोंड हालून राहिलं.

मी गोळा हिसकून फेकला. तिच्या तोंडात बोट घातलं. "थूक! थूक म्हन्ते ना!" ती कचकन चावली.

"अवो बाई," म्हातारा म्हनला, "ती कनिक पखवाजाची हाय. त्याच्या डाव्या तोंडाला थापल्याबिगर ते घुमत न्हाई. लेकीनं चिमूटभर खाल्ली, आता तीबी घुमंल."

सारंगीवाला हसला. मी न्हाई हसले. "मंग एवढ्या पोरी सोडून हिलाच काहून बोलावलं?"

"मी कुठं बोलावलं? तीच आली. म्हनली, आजोबा, डावी बाजू बराबर बोलून न्हाई राहिली. थाप मारून बघितली, तर खरंच कनिक कमी पडली व्हती." मंग मास्तरांकडं वळला, "असा कान मिळत न्हाई, मास्तर. आठ दिस आमी हितं हाव. रोज तालमीला बसू द्या."

मास्तर लगेच म्हनले, "माझी बहीन हितंच ऱ्हाते. पोर तिच्या घरी ऱ्हाईल. मी जबाबदार."

एवढ्या लवकर दोघांचं जमलं कसं? आदीच ठरलं व्हतं का?

पोरगी पदर धरून म्हनली, "आई, ऱ्हाऊ दे न वं."

मी दंडाला धरून तिला गाडीत घातली. ती रडली न्हाई. गाव येईस्तोवर हिंगोलीकडंच तोंड करून बसली.

कंपनी गेली. पोरगी शाळंत जाते, पन गान्याच्या तासाला तोंड उघडत न्हाई म्हनं. चुलीपुढं बसून गुनगुन करायची, तेबी बंद. इचारलं तर म्हन्ते, "काई न्हाई."

त्या म्हाताऱ्याचा मला अजूनबी भरोसा न्हाई. पन पोर माझ्याकडं बघते तवा मीच नजर खाली घालते. तुमी सांगा बायांनो, एवढंसं लेकरू, परकी मानसं, आन तसले दिवस. तुमी ठेवली असती का?