गुरुजींचा गुडघा

बिबवेवाडीच्या मैदानावर सकाळी लाठी शिकवणारे ते गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत. पोरासोरांनाही अहो-जाहो करतात. चूक झाली की म्हणतात, "छान. आता बरोबर करा."

कंपनीच्या कॅबची वाट बघता बघता एकदा मी आगाऊपणा केला. म्हटलं, "गिरकी घेताना तुम्ही डावा पाय का ओढता? आमच्या कोल्हापूरच्या तालमीत असं नाही." त्यांचे विद्यार्थी माझ्याकडे रागाने बघायला लागले. त्या गृहस्थांनी मात्र लाठी माझ्या हातात दिली. "आपण दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी माझा डावा पाय नीट बघून घेतला. मग म्हणाले, "आमच्या गुरुजींचा डावा गुडघा अधू होता हो. मी चाळीस वर्षं त्यालाच पद्धत समजत आलो."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे शिकायला लागले, रोज कॅब येईपर्यंत. महिन्याभरात त्यांची गिरकी माझ्यापेक्षा सफाईदार झाली. आता विद्यार्थ्यांनाही ते तशीच शिकवतात.

सुरुवातीच्या सलामीत मात्र ते अजून पाय ओढतात. मी न राहवून विचारलंच.

"सलामी गुरुजींना असते," ते म्हणाले. "तेवढी त्यांच्याच पायाने."