कवळीची हद्द

नाशिकला शिकायला निघाले त्या सकाळी डोंगराच्या उतारावर कवळीची पाती वर आली होती, पण आईनं डब्यात भाजी दिली नाही. आमच्या सुरगाण्याकडच्या पाड्यावर नेमच आहे. ही रानभाजी आधी देवापुढे ठेवायची, मग साऱ्या गावानं एकाच दिवशी खायची. तो दिवस अजून ठरला नव्हता. जीपवाला हसला, "मास्तरीणबाई, नाशकात बाजारात वाटे लागलेत, तिथं खा." आई म्हणाली, "ती नाय खायाची." मी खाल्ली नाही.

कॉलेजात कळलं, आमच्या कवळीच्या मुळांना बाहेर सफेद मुसळी म्हणतात आणि औषधवाले ती शोधत फिरतात. सरांनी नकाशात खडूनं डोंगर रंगवले: ही तिची नैसर्गिक हद्द. माझा पाडा त्या रंगात होता. त्या दिवशी होस्टेलच्या मेसमध्ये माझ्या बोलीला हसणाऱ्या मुलींच्या मधोमध मी ताठ बसले.

पुढच्या वर्षी व्यापारी पाड्यापर्यंत आला. मुळं खणून द्या, म्हणाला. वडिलांनी आणलेल्या जमिनीच्या लढ्याच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले होते. आता मुळं विकू नका, असं पत्रक स्वतः लिहिलं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या आणि गाव गाठलं.

बैठकीत मी ते मोठ्यानं वाचलं. पाड्यातले वडीलधारे काशाकाका म्हणाले, "तुझा कागद नाशकात वाट. तू गेलीस, आमाला हितं राह्याचं हाय." मी कागदाची घडी घातली. खरंच, मी गेलेच होते.

मग आई उठली. ती बैठकीत कधी बोलत नसे. "पाला खुडला तं परत येतो. मूळ इकलं तं पुढल्या साली देवापुढं काय ठेवू, हिचा कागद?"

लोक हसले. काशाकाकाही हसले आणि स्वतःच व्यापाऱ्याला सांगायला गेले, की दुसरीकडं बघा. व्यापाऱ्याची जीप रिकामी परतली.

शेजारच्या डोंगरावर खणलं गेलं. तिथं आता कवळीचं पांढरं फूल दिसत नाही. पुस्तकातल्या नकाशात मात्र दोन्ही डोंगर अजून सारखेच रंगवलेले असतात.

गावात राहिलेल्यांनो, माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, इथं नाशकात मला कुणी गाव विचारलं, तर पूर्वी मी नुसता तालुका सांगायचे. आता पाड्याचं नाव सांगते, आणि पुढं हेही सांगते की आम्ही नाही म्हणालो होतो.