सहा वाजताची होडी

पाण्याशिवाय होडी चालवायचा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती, ज्याला त्याला काहीतरी स्थापन करायची हौस होती. मामा रेवस बंदरावरच्या नोकरीतून पेन्शनीत निघून नुकतेच रेवदंड्याला येऊन राहिले होते. मामी आदल्याच वर्षी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्यांनी वल्हे मंडळ काढलं. उद्देश दोन, शरीरसंपदा आणि स्नेहसंवर्धन. ‘जावईबापू, तुमच्या आधी तुमचं पोट घरात शिरतं,’ असं चारचौघांत सांगून त्यांनी माझ्यासारख्या शाळामास्तराला सभासद करून घेतलं. पोस्टमास्तर, कंपाउंडर आणि नारळाचे एक अवाढव्य व्यापारी हे बाकीचे तिघे. होडी जनाबाई कोळणीची, जुनी.

मामांना नियमांचं वेड होतं. खाकी अर्ध्या चड्डीची सक्ती होती. व्यापाऱ्यांच्या मापाची चड्डी अलिबागेतही मिळेना, तेव्हा दोन चड्ड्या उसवून एक शिवली, आणि ते होडीत चढताना काठावरच्या कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत. मामा स्वतः वल्ह्याला हात लावत नसत. ‘डोकं कुणीतरी वापरायला हवं,’ असं म्हणून ते सुकाणू धरून बसत. पण सगळ्यांत भयंकर नियम वेळेचा. होडी सकाळी सहाला सुटायची म्हणजे सुटायचीच. आता खाडी काही कचेरीच्या घड्याळावर चालत नाही. पंधरवड्यातले चार-पाच दिवस तरी आम्ही सहाला निघायचो आणि साडेसहाला भर खाडीत चिखलात रुतून बसायचो. ‘अहो मामा, ओहोटी आहे!’ मी कळवळून सांगायचो. ‘ओहोटी मंडळाची सभासद नाही,’ मामा म्हणायचे. खाली उतरावं तर मांडीपर्यंत चिखल. मग नऊला पाणी चढेपर्यंत पाच शहाणी माणसं वल्ही वर करून बसलेली. मामा पिशवीतून कडबोळ्यांचा डबा काढायचे, आणि गप्पा सुरू. त्या व्यायामाने माझं पोट दोन बोटं वाढलं.

शेवटी वैतागून मी सभेत ठराव मांडला, की होडी भरती बघून सोडावी. मामा भांडतील अशी तयारी ठेवून गेलो होतो. ते नुसतं एवढंच म्हणाले, ‘चिखलात काय वाईट चाललंय आपलं?’ सगळे हसले. चार विरुद्ध एक असा ठराव पास झाला.

मग मात्र आम्ही खरोखर वल्ही मारली. अर्ध्या तासात फेरी पुरी, होडी काठाला, की जो तो कामाला पसार. कडबोळी खायला थांबायला कुणाला वेळ नव्हता. महिन्याभरात मामांनी गुडघा दुखतो म्हणून येणं बंद केलं. मी हसत हसत जनाबाईला म्हटलं, ‘ज्यांना भरती-ओहोटी कळत नाही त्यांनी मंडळं काढू नयेत.’

तिने माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. ‘त्यांना कलत नाय? अवं मास्तर, सगली नोकरी बंदरावर भरती-ओहोटीचा तक्ता लिवण्यात गेली त्यांची!’

मला माझी लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मामा एकटेच ओटीवर बसले होते. ‘मामा, उद्या सहाला निघू या, आपण दोघंच,’ मी म्हटलं.

‘उद्या नको, उद्या सहाला पाणी चांगलं भरलेलं असेल,’ ते पटकन म्हणाले, आणि मग जरा ओशाळून, ‘पुढच्या बुधवारी निघू.’

बुधवारी साडेसहाला होडी बरोबर चिखलात बसली. मामा नऊ वाजेपर्यंत मामींबद्दल बोलत होते. मंडळात येऊन मला वर्ष होत आलं होतं, पण मी त्यांना मामींविषयी कधी काही विचारलंच नव्हतं.