विनताताईंचा क्लच

ग्वारीघाटचा अर्धा रस्ता झाला तेव्हा मी म्हटलं, "विनताताई, ऑटो करू या का?"

"काहून? पाय दुखून राहिले तुझे?"

दुखत होते खरे. सत्तरीच्या ताई मात्र माझ्या पुढेच चालत होत्या. एरवी सिविल लाइंसमधून नर्मदामैयाच्या दर्शनाला त्या वडिलांची मॉरिस मायनर स्वतः चालवत यायच्या. हल्ली तिचा क्लच दाबता दाबता शेवटी दगडासारखा जड व्हायचा. मुलगा वेदांग म्हणाला, "मम्मी, गुडघे गेले तुझे, गाडी विकून टाकू." रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

"गुडघे गेलेली बाई इतकं चालते का?" ताई म्हणाल्या. "गॅरेजच्या मिस्त्रीनं पेडलपासून क्लचच्या खालच्या दांड्यापर्यंत जाणारी सळई बदलताना लांब घातली, म्हणून तो दांडा आधीच पुढे कलला. पेडल अर्धं दाबलं की सळई आणि दांडा काटकोनात पाहिजेत. दांडा त्याच्या पुढे जितका कलेल, तितका पायाला जोर जास्त लागतो. पुठ्ठ्याला टाचण्या लावून दाखवलं वेदांगला. 'अच्छा मम्मी' म्हणून मोबाइल बघत बसला."

आखूड सळई त्यांनी कालच बसवून घेतली होती, पण काटकोन जुळला की नाही हे तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही म्हणून आज पायी निघाल्या होत्या. घाटावर आम्ही हात जोडले. मी त्या गाडीसाठीही मनात दोन शब्द बोलले.

"मैयाला काय मागितलंत?"

"तिला काही नाही. तुझ्याकडे मागायचंय. उद्या मी पेडल अर्धं दाबून धरते, तू गाडीखाली झोपून बघ. सतरंजी घालून देईन. काटकोन नसला तर नाही म्हण. माझं मन राखू नको."